पद्मिनीला कुठलं इंजिन?

इंजिनाच्या ब्लॉकवरची (सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागावरची) लाल डाय पुसून झाली, वरून पांढरा डेव्हलपर मारला आणि इंजिनाचं बोरिंग करणाऱ्या काकांनी चहा मागवला. डाय टेस्ट मी पहिल्यांदाच बघत होतो. लाल द्रव भेगेत शिरतो, वरचा पुसला तरी आतला राहतो आणि पांढऱ्या थरावर सावकाश उमटतो. चहा निम्मा झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमधल्या भिंतीवर केसाएवढी लाल रेघ दिसायला लागली. काकांनी कप खाली ठेवला. "हितं बघा. ह्याला बोअर मारून उपयोग नाही. पैसं पाण्यात जातील." बोअर मारणं म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करणं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे वाक्य ऐकलं की विषय संपतो. इथं ऊसवाल्यांच्या ट्रॅक्टरपासून विहिरीवरच्या पंपापर्यंत सगळ्यांची इंजिनं दुरुस्त होतात. इथला माणूस 'होणार नाही' म्हणाला तर ते होणार नाही.

गाडी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, नंबर लावून घेतलेली. ब्लॉकला भेग कशी गेली तेही सांगतो, कारण पाप माझंच आहे. बारा वर्षांपूर्वी रत्नागिरीहून येताना आंबा घाटात तापमानाचा काटा लालवर गेला होता. रेडिएटर गळत होता, जवळ पाणी नव्हतं आणि 'आता वर पोचलोच' म्हणत मी गाडी रेटली. पोचलो. दुसऱ्या दिवशी ऑइलच्या कांडीवर कॉफीसारखा फेस होता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलं होतं. त्यानंतर गाडी शेडमध्ये गेली ती आप्पा गेल्यावर, गेल्या वर्षीच बाहेर आली.

पत्रा आणि रंगात आठ महिने गेले. त्याबद्दल लिहीत बसलो तर इंजिनापर्यंत पोचणारच नाही. एवढंच सांगतो, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीचा तळ या गाड्यांत हमखास गेलेला असतो. रंगाच्या आधी तिथं हातोडी मारून बघा.

तर ब्लॉक गेला. आता कुठलं इंजिन?

मूळचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरची रुंदी) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिलिमीटर. ताकद साधारण ४० अश्वशक्ती. आजची सगळ्यात लहान हॅचबॅकसुद्धा चढाला हिला मागं टाकते. त्यामुळं ज्यानं त्यानं वेगळं इंजिन सुचवलं. भाच्यानं मारुती जिप्सीचं सांगितलं. इंजेक्शनवालं, १२९८ सीसी, पद्मिनीसारखंच गाडीच्या लांबीत बसणारं. ऐकायला छान, पण मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर आला, नवं वायरिंग आलं, टाकीत पंप आला आणि बोनेट उघडल्यावर आत फियाट उरलीच नाही. एकानं डिझेलचं काढलं. कंपनीनं स्वतःच १३७डी नावानं १३६६ सीसीची डिझेल पद्मिनी काढली होती, हे खरं. पण तिचा आवाज आठवला आणि मी तो विषय तिथंच सोडला. इलेक्ट्रिकचंही बघितलं. त्याला मान्यता असलेलंच किट लागतं आणि किटचा खर्च ऐकून बायको म्हणाली, "तेवढ्यात नवी गाडी येईल, चालणारी."

राहिला एकच खरा पर्याय, ज्याचा पद्मिनीवाले हमखास विचार करतात. ११८एनईचं इंजिन. एनई म्हणजे प्रीमियरचीच १९८५ सालची गाडी, फियाट १२४ च्या अंगाची, पण आत निसानचं ए१२. ११७१ सीसी, ५२ अश्वशक्ती. आमचे मिस्त्री या इंजिनावर फिदा आहेत. "मालक, हिला तीन मेन बेअरिंग, तिला पाच. क्रँक हलत नाय. पंचवीस वर्षं मी एनई खोलतोय, खालचं काम क्वचित निघतं." (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, मेन बेअरिंग म्हणजे त्याचे आधार.) बारा घोडे जास्त, घरातल्याच कंपनीचं, शिवाय गिअरबॉक्ससकट मिळत होतं. सांगलीजवळ एकाकडं बंद पडलेली एनई होती. जाऊन बघितली आणि दोन हजार रुपये ॲडव्हान्स देऊन आलो.

घरी येऊन टेप घेऊन गाडीत बसलो. हे काम ॲडव्हान्सच्या आधी करायचं असतं.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, डाव्या हाताला. आमच्याकडं त्याला हँड गिअर म्हणतात. पुढं एकच सलग सीट, ड्रायव्हरशेजारी दोन माणसं आरामात. एनईचा गिअरबॉक्स फ्लोअर गिअरचा. म्हणजे गाडीच्या तळाला मधोमध जो उंचवटा असतो, त्या बोगद्याचा पत्रा कापायचा, तिथून दांडा वर काढायचा, तो नेमका सीटच्या मध्यात येणार, म्हणून सीट दोन भागांत करायची. मागच्या चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट वेगळ्या लांबीचा करून बॅलन्स करायचा. माउंटिंगचे ब्रॅकेट, सायलेन्सरचा पुढचा पाइप, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची जोडणी, रेडिएटरचे होज, सगळं नव्यानं. आणि हिच्या चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. जास्त ताकद म्हटली की ते तरी तसेच कसे ठेवायचे?

आई दारात उभी होती. तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं एकच विचारलं, "मग मधे कोण बसणार?"

मधे ती बसायची. आप्पा गाडी चालवायचे, आई मधे, मी खिडकीशी. गणपतीपुळ्याला, नरसोबाच्या वाडीला, सगळीकडं असंच.

तरी मी लगेच माघार घेतली असं नाही. बारा अश्वशक्तीचा मोह वाईट. मी आरटीओत गेलो. तिथल्या साहेबांनी आरसी हातात घेतली आणि सीसीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं १०८९ आहे. तुमच्या इंजिनाचं किती?" म्हटलं, ११७१, पण कंपनी तीच. ते म्हणाले, "मेक तोच, टाइप कुठं तोच आहे?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी फारकत होईल असा बदल करता येत नाही. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन रीतसर कळवून, मंजुरी घेऊन आरसीवर चढवता येतं. सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ असाच कडक लावलाय. शिवाय आरसीवर एक आणि बोनेटखाली दुसरंच असलं, तर अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल हा प्रश्न वेगळाच.

बाहेर एकजण भेटला. "नंबर पंच करून देतो, कुणाला कळतंय?" इंजिन नंबर घासून दुसरा ठोकणं म्हणजे सरळ गुन्हा. त्याच्याकडं पाठ फिरवून गाडीवर बसलो. (स्कूटरवर, पद्मिनी अजून स्टँडवर होती.)

आणखी एक गोष्ट डोक्यात होती. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात असेल आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ केलेली नसेल, तर तिला व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. तो नंबर घेतला की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, त्यामुळं मी तो घेईनच असं नाही. पण आमची पद्मिनी २०२९ मध्ये पन्नाशीची होईल, आणि आज बोगदा कापून ते दार आपल्याच हातानं बंद करायचं हे मनाला पटेना.

सांगलीचे दोन हजार बुडाले. मागायला गेलो नाही.

आता १०८९ चंच दुसरं इंजिन शोधायचं होतं. पद्मिन्या कुर्ल्यात बनायच्या आणि इंजिनही शेवटी कुर्ल्यातच सापडलं, सीएसटी रोडच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात. मुंबईत काळी-पिवळी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. भंगारात निघालेल्या टॅक्सींची इंजिनं अजून बाजारात आहेत, पण दर महिन्याला कमी होतायत.

पहिलं इंजिन १८,००० ला होतं, पण कागद काहीच नाहीत. सोडलं. कितीही चांगलं वाटलं तरी बिनकागदाचं इंजिन घेऊ नका. आरटीओ पहिल्यांदा बिलच मागतं आणि त्या बिलावर इंजिन नंबर लागतो. दुसरं २६,००० ला, बिल आणि मोडीत काढलेल्या टॅक्सीच्या आरसीची झेरॉक्स, दोन्हीवर तोच नंबर. दुकानदाराला म्हटलं, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलून दाखवा. तो कुरकुरला, पण खोललं. मिस्त्रींनी शिकवलं होतं तसं बोअरच्या वरच्या कडेला आतून नख फिरवलं. जिथं पिस्टन रिंग थांबते तिथं झिजून पायरी होते. नख अडकलं, पण फार नाही. म्हणजे एक बोअर अजून निघणार. क्रँक हातानं फिरवला, गच्च पण सलग फिरला. हेडची अवस्था मात्र वाईट. टॅक्सी आयुष्यभर सीएनजीवर पळालेली, त्यामुळं एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये, म्हणजे ज्या कड्यावर ते टेकतात त्यात, खोल रुतलेले.

ट्रॅव्हल्सच्या डिकीत पोत्यात गुंडाळून इंजिन कोल्हापूरला आलं. काकांनी तोच लाल-पांढरा कार्यक्रम पुन्हा केला. यावेळी मी चहा प्यायलो नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, पांढरं ते पांढरंच. काका म्हणाले, "आता घ्या चहा."

मग त्यांनी एक गोष्ट सुचवली जी मला सुचलीच नसती. आमचं जुनं हेड ॲल्युमिनिअमचं, घाटात तापून वाकलेलं. त्यावर सरळपट्टी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सारून बघितलं आणि म्हणाले, "एकदा प्लेन करता येईल, घासून सपाट. दुसऱ्यांदा नाही." टॅक्सीच्या हेडपेक्षा हे बरं. मग ठरलं असं, खालचं टॅक्सीचं, वरचं आप्पांचं. हेडला नवे कडक व्हॉल्व्ह सीट बसवले. ही इंजिनं शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातली. ते पेट्रोल २००० साली बंद झालं आणि त्या शिशाचा जो आधार सीटला मिळायचा तो गेला. ब्लॉक एका साइजनं बोअर केला, क्रँक घासून एका साइजनं बारीक केला, नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग. मजुरी आणि सामान मिळून ४१,०००. एनईचं काम सीट, शाफ्ट आणि ब्रेकसकट याच्या दुपटीला गेलं असतं असा माझा हिशेब आहे, मिस्त्री अजून मानत नाहीत.

बसवायला दोन दिवस लागले, कारण सगळं जागच्या जागी होतं. तेच माउंटिंग, तोच गिअरबॉक्स, तेच होज. कार्बोरेटर आणि मेकॅनिकल पेट्रोल पंप मात्र खोलावे लागले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबरानं ते सोसत नाही. पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, फुगून मऊ पडला होता. इथेनॉल चालेल असा नवा डायफ्रॅम आणि पाइप टाकले.

आरटीओची तपासणी झाली. आरसीवर इंजिन नंबर नवा आला. सीसीच्या रकान्यात १०८९.

पहिले हजार किलोमीटर साठच्या वर न्यायची नाही असं काकांनी बजावलंय. सध्या ६४० झालेत. गेल्या रविवारी आंबा घाट चढलो. दुसऱ्या गिअरला, एक उसानं भरलेला ट्रक सोडला तर सगळे पुढं गेले. वर पोचल्यावर बोनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलं, आप्पा टाकायचे तसं. गरम पंपात पेट्रोलची वाफ होते आणि मग गाडी सुरूच होत नाही. काटा मधेच होता. तरी टाकलं.

मुलगा खिडकीशी बसला होता. म्हणाला, "बाबा, एनईचं बसवलं असतं तर?"

आई मधे होती. तिनं पर्समधून पेढ्याचा पुडा काढला आणि त्याला म्हणाली, "दार उघड आधी, पाय आखडलेत माझे."