येऊ का?

"घरात आहेस ना गं? येऊ का?"

फोनवर शेजारच्या काकू होत्या. मावशी "ये की" म्हणाली, फोन ठेवला आणि जरा वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, "चाळीस वर्षांत ही कधी विचारून आली नव्हती."

मुंबईत वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीत दोघींची दारं समोरासमोर होती. एका मजल्यावर 20 खोल्या, मधून लांबलचक पॅसेज, खोली 160 चौरस फुटांची. दार लागायचं ते रात्री झोपतानाच. काकू सरळ आत यायच्या, फडताळातली लसणाची वाटी उचलायच्या आणि तिथूनच बोलायला सुरुवात.

गिरणी कामगारांना राहायला म्हणून ब्रिटिश सरकारने 1920च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती. सामायिक संडासापुढची सकाळची रांग मी लहानपणी पाहिलीय, त्यामुळे 'जुनं तेच छान' असं मी मुळीच म्हणणार नाही. या चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट 2025मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात मावशी होती. स्वतःचं न्हाणीघर दाखवताना तिचा कंठ दाटून आला होता. हे घर तिच्या हक्काचंच आहे.

पण तो फोन काही डोक्यातून जात नाही.

काकू आल्या, त्यांनी बेल वाजवली. चहा झाला, गप्पा झाल्या. त्या गेल्यावर मावशीने दार लावलं नाही. वाऱ्याने आपटू नये म्हणून कोपऱ्यातला जुना पाटा ओढून दाराला लावला.

तुमच्या मजल्यावर असं एखादं दार अजून उघडं असतं का?