जुन्या लेन्सचा हूड: आटे जुळले तरी कोन जुळायला हवा

संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर उजेड दोन बाजूंनी येतो. एक समुद्राकडे उतरलेला सूर्य आणि दुसरी पायाखालची ओली वाळू. काचेवर चकाकी कमी करणारं कोटिंग एकाच थराचं असलेल्या जुन्या लेन्समध्ये हा फ्रेमबाहेरचा उजेड काचांवर आपटत फिरतो आणि फोटोतला काळा रंग राखाडी होतो. वरून हात धरला तर सूर्य अडतो, वाळूची तिरीप अडत नाही. हूड म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायचं गोल कडं; ते दोन्ही अडवतं. सूर्यच फ्रेममध्ये असेल तर मात्र हूडचा काही उपयोग नाही.

हूड लेन्सच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरच्या आट्यांवर बसतो. हेलिओस ४४-२ किंवा सुपर-टाकुमार ५५ मिमी या जुन्या लेन्सना ४९ मिमीचे आटे, निकॉनच्या जुन्या निक्कॉर लेन्सपैकी बहुतेकांना ५२. आटे नसलेला, स्क्रूने आवळायचा हूड असेल तर लेन्सच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजायचा. फिल्टरचं माप तिथे चालत नाही.

खरी फसगत पुढे होते. निकॉनचे एचएन-१, एचएन-२ आणि एचएन-३ हे तिन्ही ५२ मिमीचे, पण पहिला २४ मिमी लेन्ससाठी, दुसरा २८ साठी, तिसरा ३५ साठी. एचएन-१ पन्नास मिमीच्या लेन्सवर मजेत बसतो आणि जवळजवळ काहीच अडवत नाही, कारण तो रुंद कोनासाठी आखूड बनवलेला असतो. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ५० मिमीचा कर्णातला कोन ४७ अंश, २८ चा ७५. त्याहून लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर २८ मिमी साधारण ४२ मिमीइतकंच बघते, त्यामुळे तिथे एचएन-३ बहुधा चालतो.

चालतो की नाही हे बघायला चुन्याची पांढरी भिंत किंवा ढगाळ आभाळ पुरे. फोकस अनंतावर ठेवून हूडसह आणि हूडशिवाय, पूर्ण उघड्या अपर्चरला (लेन्सच्या छिद्राला) आणि बारीक केलेल्या एफ/१६ ला, असे चार फोटो काढा. उघड्या अपर्चरला कोपरे हळूहळू काळवंडतात, एफ/१६ ला हूडची कड स्पष्ट कापलेली दिसते. व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत तो पूर्ण फ्रेम दाखवत नाही. मधे फिल्टर असेल तर चाचणी पुन्हा, कारण हूड तेवढा पुढे सरकतो.

हूड आखूड पडला तर काळ्या कार्डशीटची नळी आत सरकवा, कोपरे काळवंडेपर्यंत पुढे न्या, मग दोन-तीन मिलिमीटर मागे घेऊन चिकटवा. आतला रंग उडून धातू चमकत असेल तर मॅट काळा रंग द्या. चकाकता हूड उलट उजेड आत फेकतो.

रबरी हूड रेल्वेच्या काचेला टेकवून वापरायला उत्तम, धक्काही झेलतो, पण जुनं रबर घडीवर तडकतं. धातूचा आपटला तर लेन्सचे आटेच वाकतात.

खाऱ्या हवेत धातूचा हूड अडकतोच. बोटांनी आवळलात तर कडं लंबगोल होऊन आणखी घट्ट बसतं; रबरी चटई तोंडावर सपाट दाबून फिरवा. आधीच आट्यांवर पेन्सिलचं शिसं घासलेलं असेल तर ही वेळ येत नाही. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्याने पुसून सुकवा. पावसाळ्यात हूड काढून वेगळा ठेवा, आणि लेन्सबरोबर आलेल्या चामडी डब्यात काहीच ठेवू नका. बुरशी तिथूनच लागते.