फिलिपिन स्टेनिंग (पेशीतलं कोलेस्टेरॉल रंगवून बघणं) एकदाचं जमलं – माझा अनुभव

पुण्यात पीएचडी करतेय, विषय पेशीच्या आतली वाहतूक, म्हणजे बाहेरून आत घेतलेला माल कुठल्या पिशवीतून कुठे जातो आणि ती वाट अडली की काय होतं. त्यात मला ओढ लागली ती एनपीसी१ या प्रोटीनची. लायसोसोममधून, म्हणजे पेशीतल्या माल पचवणाऱ्या पिशवीतून, कोलेस्टेरॉल बाहेर काढायला हे लागतं, ते बिघडलं की नीमन-पिक सी हा आजार होतो, मुलांचा तोल जातो, डोळे वरखाली फिरत नाहीत, पुढे गिळणंही अवघड होतं. आणि २०११ मध्ये कळलं की इबोलाला पेशीत शिरायला हेच प्रोटीन लागतं, या पेशंट्सच्या त्वचेच्या पेशींना लॅबमध्ये इबोलाची लागण होत नाही! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप नव्हती.

तर माझं पहिलं काम, साठलेलं कोलेस्टेरॉल डोळ्यांनी बघायचं. हेला पेशींना (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी) यू१८६६६ए नावाचं औषध रात्रभर दिलं की एनपीसी१ बंद पडतं, मग पेशी फिक्स करून, म्हणजे रसायनाने आहेत तशा थिजवून, फिलिपिन घालायचं, ते कोलेस्टेरॉलला चिकटतं आणि यूव्हीमध्ये निळं चमकतं. ऐकायला सोपं, पण फिलिपिन उजेडात इतक्या पटकन विझतं की फोकस करेपर्यंत सगळं काळं. दर वेळी तेच, आणि बाहेर पाषाणचा धो धो पाऊस, जाम वैताग यायचा. शेवटी मायक्रोस्कोप बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "अगं, निळ्यात शोधतेस कशाला? आधी लालमध्ये फोकस कर, निळा शेवटी उघड, एकच फोटो घे."

मग लायसोसोमवरच्या लॅम्प१ या प्रोटीनला लाल चमकणारी अँटीबॉडी लावली, म्हणजे लायसोसोम लाल दिसतात. अँटीबॉडी आत जावी म्हणून पेशीला भोकं पाडायला वापरतात ते ट्रायटॉन (एक डिटर्जंट) टाळलं कारण ते कोलेस्टेरॉलच धुऊन नेतं, फिलिपिन स्वतःच मेम्ब्रेनला (पेशीच्या आवरणाला) भोकं पाडतं तेवढ्यावर अँटीबॉडी आत जाते. न्यूक्लियस रंगवणारं डॅपीही नाही, ते त्याच निळ्यात दिसतं. खोलीतले दिवे बंद, प्लेट फॉइलमध्ये. आणि कॉन्फोकलचा (लेझरवाल्या मायक्रोस्कोपचा) हट्ट सोडा, आमच्याकडच्या ४०५ नॅनोमीटरच्या लेझरला फिलिपिन नीट दिसत नाही, साधा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप बरा.

औषध दिलेल्या पेशींत न्यूक्लियसच्या शेजारी निळ्या ठिपक्यांचा दाट पुंजका, बरोबर लाल लॅम्प१वर बसलेला, औषध न दिलेल्यांत तो नाहीच. बघत बसले नुसती.

आता पुढे विषाणू. खरा इबोला फक्त बीएसएल-४ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेच्या लॅबमध्ये, त्यामुळे आम्ही त्याचं वरचं प्रोटीन चढवलेला व्हीएसव्ही हा दुसरा विषाणू वापरणार, जो एकदा आत शिरतो पण पुढे पसरत नाही. प्लेट्स याच आठवड्यात लावतेय.