शेल्याचा रंग

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला आली आणि टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख होती ३०. आमचं सीए ऑफिस लक्ष्मी रोडला लागून. मिरवणुकीमुळे रस्ते बंद, म्हणून आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्यासाठी आमच्याकडे काम शिकणाऱ्या मुलांना सुट्टी दिली होती. मी मात्र सकाळी सातला कोथरूडहून चालत निघाले. ‘उत्तरपूजेच्या आत येते,’ असं घरी सांगितलं होतं.

एकाच क्लायंटची फाइल राहिली होती. खरं तर तीही राहिली नव्हती. आर्टिकलशिपच्या एका मुलाने थ्रीसीडी, म्हणजे टॅक्स ऑडिटचा तपशीलवार फॉर्म, कलम न् कलम तपासला होता, आदल्या रात्री मीही पाहिला होता. तरी जीएसटीतली विक्री आणि वहीतली विक्री पुन्हा जुळवत बसले. जुळली. मग देणेकऱ्यांची यादी उघडली. ढोल-ताशांनी खिडकीच्या काचा थरथरत होत्या. सहाला सासूबाईंचा फोन आला, “सुरू करू का गं?” “करा, निघतेच आहे,” म्हटलं आणि पुढचं पान उघडलं.

साडेनऊला यूडीआयएन, म्हणजे सीएने सही केलेल्या रिपोर्टचा ओळख क्रमांक, काढून रिपोर्ट अपलोड केला. पण क्लायंटने पोर्टलवर स्वीकारल्याशिवाय काम पुरं होत नाही. फोन लावला. पलीकडे नुसता ताशा. “अहो मॅडम, मिरवणुकीत आहे! आज कुठं? उद्या करतो की!” त्यांचा आवाज इतका आनंदात होता की मला एकदम रडू आलं.

घरी पोचायला बारा वाजत आले. लेक जागी होती. गॅलरीतल्या बादलीत मूर्ती निम्मी विरघळली होती, शाडू तळाशी बसत होता. आम्ही दोघी तिथेच टेकलो.

“आई, आपल्या बाप्पाचा शेला कुठल्या रंगाचा होता?”

दहा दिवस रोज चपला घालताना मूर्ती समोर असायची.

“लाल?”

“जांभळा. मीच निवडला होता.”

ती चिडली नाही, त्याचंच जास्त लागलं.

आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा आकडा मी ऑफिसात सगळ्यांना काळजीने सांगायचे. त्या रात्री माझे स्वतःचे तास मांडले. ८४ भरले. तारखेवर खापर फोडायची सोय नव्हती. हे काम मला मनापासून आवडतं, आणि त्यातून उठायचं कसं तेवढंच मला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लायंटने रिपोर्ट स्वीकारला. दोन मिनिटं लागली.