तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं चर्च कोणाचं?

"तुमचं चर्च इंग्रजांनी बांधलं ना?" आमच्या तालुक्याच्या गावी नवा माणूस भेटला की हा प्रश्न येतोच. प्रश्न साधा आहे, उत्तर तेवढं साधं नाही.

चार भिंती, वर टिना, मृगाआधी दरवर्षी डागडुजी. इमारत एवढीच. पण आमचं चर्च बाप्टिस्ट पद्धतीचं आहे आणि या पद्धतीत चर्च म्हणजे मंडळी. आमच्यावर बिशप नाही. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, कोण असावा, पैसा कशावर खर्चावा, हे सभासद हात वर करून ठरवतात. १६०९ साली आम्स्टरडॅममध्ये देश सोडून आलेल्या मूठभर इंग्रजांनी ही वाट धरली, तीही इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी फारकत घेऊन. हिंदुस्थानातही कंपनी सरकार मिशनऱ्यांना आपल्या मुलखात राहू देईना, म्हणून बाप्टिस्ट विल्यम केरी बंगालात डॅनिश लोकांच्या श्रीरामपुरात राहिला. तिथेच, पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीने केलेलं त्याचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं गेलं. आम्हाला सरकारी चर्च म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती मंडळीत येण्याचा पाण्याचा विधी. आमच्यात तो तान्ह्या लेकराचा होत नाही. जाणत्या वयात, स्वतः ठरवून, पूर्ण पाण्यात बुडून घ्यायचा. केरीच्या मंडळीतला पहिला भारतीय माणूस, कृष्ण पाल नावाचा सुतार, २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीत उतरला. त्याला बारमाही नदी होती. आमचं गाव विदर्भात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. विहिरींना खारं पाणी, आणि होळीनंतर नाल्यात बैलाचे खूरही भिजत नाहीत. खाऱ्या पाण्याची अडचण नाही, पाणी कंबरेइतकं हवं. म्हणून जुन्या जाणत्यांनी बाप्तिस्मे पोळ्यानंतर ठेवले. मला आमच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो, कारण तो कोणत्याही मिशनने घेतला नव्हता. इथल्या शेतकऱ्यांनी, मजुरांनी घेतला.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात उत्तर भारतातले बाप्टिस्टही गेले. बाळाचा बाप्तिस्मा आणि जाणत्याचा, दोन्ही रीती तिथे मान्य झाल्या. आमची मंडळी बाहेर राहिली. गेले त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एका टेबलाशी बसून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस, घ्यायचं तर कोणीतरी पाऊल पुढे टाकायलाच हवं होतं.

आता वाद बाप्तिस्म्याच्या हौदाचा आहे. पोरं म्हणतात, आवारात सिमेंटचा हौद बांधू, टँकर बोलावू, म्हणजे उन्हाळ्यातही सोय होईल. म्हातारी मंडळी म्हणतात, गावात प्यायच्या पाण्याला रांग असताना टँकर आपण बोलवायचा नाही. मी म्हाताऱ्यांच्या बाजूने हात वर करणार आहे. सभा पुढच्या रविवारी, उपासनेनंतर.