टार्न हाउजच्या काठाने

इंग्लंडच्या वायव्येस, लेक डिस्ट्रिक्टमध्ये, कोनिस्टन आणि हॉक्सहेड या दोन गावांच्या मधल्या डोंगरावर टार्न हाउज नावाचे लहानसे तळे आहे. त्याच्या काठाने जाणारी वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची असून ती इतकी चांगली राखलेली आहे की चाकांच्या खुर्चीवरची माणसेही पूर्ण फेरी मारू शकतात. म्हणूनच गोव्यातल्या फोंड्याहून आलेल्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाईंना घेऊन आम्ही ऑक्टोबरात तेथे गेलो.

सासूबाईंचे माहेर गोव्यातच, मोठे तळे असलेल्या करमळी गावचे. तळ्याकाठी वाढलेल्या बाईला पाण्याचे अप्रूप ते काय असणार? त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "बांध कुठे आहे?" प्रश्न अगदी नेमका होता. येथे पूर्वी तीन लहान तळी आणि त्यांच्यामध्ये दलदल होती. १८६२ नंतर ही जागा ताब्यात आल्यावर जेम्स गार्थ मार्शल यांनी खालच्या तळ्याला बांध घालून तिन्हींचे पाणी एक केले आणि सभोवार सूचिपर्णी झाडे लावली. ज्या निसर्गदृश्यासाठी लोक लांबून येतात, ते बरेचसे माणसाने रचलेले आहे, आणि मला तरी त्यात काही उणे वाटत नाही. पुढे १९३० मध्ये मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या बिअॅट्रिक्स पॉटर यांनी ही सारी मालमत्ता विकत घेतली आणि तळ्यासह निम्मी नॅशनल ट्रस्ट या निसर्गस्थळे व जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला विकली.

लार्च हे सूचिपर्णी असूनही पानगळीचे झाड आहे. त्याच्या पिवळ्या, सुईसारख्या पानांचा थर काठच्या काळसर पाण्यावर साचला होता. वाटेत एका आडव्या पडलेल्या खोडात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दगडाने ठोकून नाणी बसवली होती, काहींच्या कडा पार वाकलेल्या. येथल्या हर्डविक मेंढ्या जन्मतः काळ्या असतात आणि वयाबरोबर राखाडी होतात, असे मी सांगताच सासूबाईंनी स्वतःच्या केसांवरून हात फिरवला.

बांधापाशी मात्र त्या बराच वेळ थांबल्या. हे पाणी कुठल्या शेताला जाते, असे त्यांनी विचारले. करमळीच्या तळ्याच्या पाण्यावर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात, पिकलेले त्यांनी पाहिले आहे. येथले पाणी ओहोळाने खाली उतरून जाते, एवढेच मी सांगू शकलो.

"म्हणजे नुसते बघायला?"

"हो."

"पण राखलाय बरा," असे म्हणून त्या पुढे निघाल्या.

इकडे येणाऱ्यांनी गाडी उभी करण्याचे पैसे तेवढे जवळ ठेवावेत. फेरीला वेगळे शुल्क नाही.