आंबेडाळ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ

चैत्रात पुण्याची दुपार तापते खरी, पण सातनंतर तळजाईकडून वारा सुटला की सहकारनगरातल्या आमच्या गच्चीवर छान बसवतं. अशा वेळी मला नाशिकची सोव्हिन्याँ ब्लाँ ही व्हाइट वाइन हवी. रेड वाइन या हवेत जड होते.

नाशिकच्या सुला या वाइन कंपनीनं २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइनमध्ये हीसुद्धा होती. आपल्याकडे द्राक्षाची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) एप्रिलच्या सुमारास, गोडी छाटणी (फळासाठी) ऑक्टोबरात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात ही तोडणी उन्हाळा सरता सरता होते.

बाटली फ्रीजमधून काढून जरा बाहेर ठेवायची. ८ ते १० अंशांना तिचा हिरवट वास मोकळा होतो. बर्फ घालू नका, कृपा करून. (नणंदेचे यजमान घालतात. जावईमाणूस, बोलणार कोण?)

सोबत लोक चीज आणतात. मला विचाराल तर आंबेडाळ! कैरीचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणाला भिडतो, डाळ-खोबरं दोघांना सावरून घेतं. मिरची मात्र बेताची, वाइनबरोबर तिखट जास्त झोंबतं. सासूबाई वाइनला शिवत नाहीत, पण "आज तुमचं ते आहे ना?" असं विचारून वाटणातली एक मिरची आपणहून काढतात.